कर्नल का कोसळते आणि ते दुरुस्त कसे करतात?

गाणी वाजवणारा प्रोग्रॅम बंद पडला तर तो पुन्हा उघडता येतो. पण कधी कधी अख्खा पडदाच गोठतो, माउस हलत नाही. लिनक्स असेल तर कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागतो. विंडोज असेल तर निळा पडदा येतो (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे). पॉवरचे बटण दाबून धरण्यापलीकडे हातात काही उरत नाही. अशा वेळी बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल कोसळलेले असते.

जळगावचे गोलाणी मार्केट असो वा धुळ्यातले एखादे दुकान, असे मशीन दुरुस्तीला नेले की बऱ्याचदा एकच उपाय सुचवला जातो: फॉर्मॅट मारू. दुकानदाराचे त्यात फारसे चुकत नाही, कारण ग्राहकाला संध्याकाळपर्यंत मशीन चालू हवे असते. मात्र चूक कर्नलच्या कोडमध्ये असेल तर फॉर्मॅटने ती जात नाही. ती कुठे आहे याचा पुरावा तेवढा पुसला जातो. आणि दुरुस्ती करायची तर नेमका तो पुरावाच लागतो.

गर आणि टरफल

या कर्नलचा सैन्यातल्या कर्नलशी काही संबंध नाही. बीच्या आतल्या गराला इंग्रजीत हा शब्द आहे. खानदेशातल्या वाचकाला शेंगदाण्याचे उदाहरण जवळचे वाटेल: शेंगेच्या टरफलाला इंग्रजीत शेल म्हणतात, आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्येही वापरणाऱ्याच्या आज्ञा घेणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमचे नाव शेल असेच आहे. टरफल बाहेर, गर आत.

कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर किती वेळ द्यायचा, डिस्कवर कुठे लिहायचे, नेटवर्कवरून आलेली माहिती कोणाच्या हाती सोपवायची, हे सगळे कर्नल ठरवते. लिनक्स हे असे एक कर्नल आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते लिहायला घेतले. आज अँड्रॉइड फोनमध्येही तेच असते, म्हणजे ज्याने आयुष्यात लिनक्सचे नाव ऐकलेले नाही त्याच्याही खिशात ते आहे.

साधा प्रोग्रॅम आपल्या वाट्याच्या मेमरीबाहेर हात घालू लागला तर कर्नल त्याला तिथेच बंद करते. बाकीच्यांना धक्का लागत नाही. पण ही चूक खुद्द कर्नलने केली तर? त्याच्या वर कोणी नाही. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखण कोणी करायची, असा तो प्रश्न आहे.

कर्नल कोसळणे हे पुष्कळदा कर्नलने जाणूनबुजून थांबणे असते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आपण चुकीच्या पत्त्यावर गेलो असे प्रोसेसरकडून कळल्यावर स्वतःच्या मेमरीत अजून काय काय बिघडले आहे याची कर्नलला खात्री राहत नाही. अशा अवस्थेत काम चालू ठेवून डिस्कवर भलतेच काही लिहिले जाण्यापेक्षा थांबलेले बरे. पतसंस्थेचा सर्व्हर दहा मिनिटे बंद राहिला तर खातेदार ओरडतील. पण खात्यांतले आकडेच चुकीचे लिहिले गेले तर ते निस्तरायला महिने लागतील.

लिनक्समध्ये याच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीचे नाव ऊप्स. हे खरोखरच अधिकृत नाव आहे. त्यात कर्नल घडलेल्या चुकीची नोंद छापते, ज्या प्रोग्रॅमसाठी ते काम करत होते तो बंद करते आणि पुढे जायचा प्रयत्न करते. मात्र बंद झालेल्या कामाने एखादे कुलूप लावून ठेवले असेल तर ते उघडायला कोणी उरत नाही, आणि मशीन तासाभराने अडकते. दुसरी पायरी म्हणजे पॅनिक. तिथे सगळेच थांबते.

एकेरी मार्गावर दोन गाड्या

कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेले असते. या भाषेत मेमरीतल्या वस्तूचा पत्ता जवळ ठेवून तिच्यापर्यंत पोहोचतात. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. कोसळण्याची बरीच कारणे इथूनच सुरू होतात. पत्ता भरलाच नसेल आणि तरीही कोडने तिथे जायचा प्रयत्न केला, ही सगळ्यांत साधी चूक. वस्तूची जागा परत दिल्यानंतरही जुना पत्ता वापरत राहणे ही त्याहून अवघड. भाड्याची खोली सोडली पण चावी खिशातच राहिली, आणि नवा भाडेकरू आल्यावरही जुना माणूस रात्री आत शिरतो, तसा हा प्रकार. खोली रिकामी आहे तोवर काही कळत नाही. म्हणून ही चूक कित्येक दिवस निमूट पडून राहू शकते.

तिसरा प्रकार वेळेचा. चाळीसगाव-धुळे हा एकेरी लोहमार्ग आहे. समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एकेरी मार्गांवर पूर्वी टोकन देत. ज्याच्या हाती टोकन तोच चालक पुढे जाणार. कर्नलमध्येही एकाच माहितीला दोन प्रोसेसरांनी एकदम हात लावू नये म्हणून असेच टोकन असते, त्याला लॉक म्हणतात. कोणी लॉक घ्यायला विसरला तरी बहुतेक वेळा दोन गाड्या एका वेळी मार्गावर नसतातच. हजारदा सगळे सुरळीत होते आणि एक हजार एकाव्या वेळी टक्कर होते. कर्नलवर काम करणारे या चुकांना सर्वांत जास्त घाबरतात, कारण बोलावल्यावर त्या येत नाहीत.

२००९ मधली एक ओळ

दुरुस्ती किती लहान असू शकते आणि तिच्यामागे किती काय दडलेले असते, हे दाखवणारे एक चांगले उदाहरण जुलै २००९ मधले आहे. लिनक्सची २.६.३० ही आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्यात टन नावाचा एक भाग आहे. तो संगणकात एक काल्पनिक नेटवर्क कार्ड तयार करतो; व्हीपीएनला ते लागते. या भागाची फाइल उघडायची आणि कार्ड जोडण्याआधीच ‘वाचण्यासारखे काही आले आहे का’ असे विचारायचे, एवढे केले की कर्नल कोसळत असे.

कोडमध्ये घडत होते ते असे. पहिल्या ओळीत कार्डाच्या पत्त्यावर जाऊन तिथली एक वस्तू उचलली जात होती. त्यानंतरच्या ओळीत तपासणी होती: पत्ता रिकामा असेल तर चूक कळवून परत फिर. क्रमच उलटा. दाराला कुलूप आहे का हे दारावर आपटल्यानंतर पाहायचे. मारिउश कोझलोव्स्की यांनी केलेली दुरुस्ती एवढीच, की वस्तू उचलण्याचे काम तपासणीच्या खाली नेले. एक ओळ वरून काढली आणि खाली लिहिली.

गोष्ट इथे संपली असती तर ती कोणाच्या लक्षातही राहिली नसती. पण त्याच महिन्यात सुरक्षा संशोधक ब्रॅड स्पेंग्लर यांनी दाखवून दिले की या चुकीचा वापर करून साधा वापरकर्ता संपूर्ण मशीनचा ताबा घेऊ शकतो. तपासणीची ओळ कोडमध्ये होती ना? होती. पण सी भाषेतले कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हुशारी करत होता. या पत्त्यावर आधीच जाऊन आलो आहोत, म्हणजे तो रिकामा असणे शक्यच नाही, मग ही तपासणी कशाला, असा हिशेब करून तो ती ओळ गाळून टाकत होता. माणसाने वाचलेल्या कोडमध्ये तपासणी होती, प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्नलमध्ये नव्हती. त्यानंतर अशा तपासण्या गाळू नयेत अशी सूचना कंपायलरला द्यायची व्यवस्था लिनक्समध्ये कायमची करण्यात आली. ओळ हलवण्याइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा बदल हा होता. कोसळणे थांबले म्हणजे चूक समजली असे होत नाही.

आधी उन्हाळा, मग कर्नल

मशीन कोसळले की दोष कर्नलचाच असतो असेही नाही. खानदेशात तर ही शंका आधी घ्यायला हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, धूळ भरपूर, आणि जिनिंगच्या परिसरात पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू चिकटतात. खराब होत चाललेली रॅम किंवा डळमळीत वीजपुरवठा मेमरीतला एखादा अंक उलटा करू शकतो, आणि त्याचे परिणाम हुबेहूब कर्नलच्या चुकीसारखे दिसतात.

ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळत असेल तर संशय हार्डवेअरवर. दर वेळी त्याच कामाच्या वेळी, त्याच फंक्शनमध्ये कोसळत असेल तर संशय कोडवर. खात्रीसाठी मेमटेस्टसारखा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवतात. या एका रात्रीने पुढची कित्येक दिवसांची शोधाशोध वाचते.

मरताना लिहिलेली जबानी

रॅम ठीक निघाली की कोसळताना छापलेला मजकूर वाचायचा. तो भयंकर दिसतो, पण त्यात ठरलेल्या चार-पाच गोष्टीच असतात. चूक कोणत्या प्रकारची, कोणत्या पत्त्यावर, त्या क्षणी कोणते फंक्शन चालू होते, त्याच्या सुरुवातीपासून किती बाइट आत, आणि त्या फंक्शनला कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले अशी साखळी. पत्ता २४ सारखा अगदी लहान असेल तर अनुभवी माणसाला लगेच कळते: मूळ पत्ता रिकामा म्हणजे शून्य होता आणि कोड त्या वस्तूतल्या २४ बाइट आतल्या रकान्याकडे जाऊ पाहत होते. या आकड्यांवरून मूळ कोडमधली नेमकी ओळ काढून देणारी साधने लिनक्सच्या कोडबरोबरच मिळतात.

मजकुरात कर्नल ‘डागाळलेले’ आहे असाही शेरा असू शकतो. ज्याचे कोड खुले नाही असा एखादा ड्रायव्हर त्यात चढवला असेल तर हा शेरा येतो. मग आधी तो ड्रायव्हर काढून पुन्हा कोसळते का ते पाहा, असे सांगितले जाते. हे सांगणे टाळाटाळीचे वाटते, पण रास्त आहे. न दिसणारे कोड कोण तपासणार?

अडचण अशी, की डिस्कवर लिहिणारेच कोसळले असेल तर मजकूर जपायचा कुठे? सगळ्यांत स्वस्त उपाय मोबाइलने पडद्याचा फोटो. लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीपासून तर हा मजकूर क्यूआर कोडमध्ये दाखवण्याची सोयही झाली आहे. सर्व्हरवर केडंप वापरतात. त्यात मेमरीचा एक कोपरा आधीच बाजूला काढून तिथे दुसरे, छोटे कर्नल तयार ठेवलेले असते. पहिले कोसळले की दुसरे जागे होते आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवते. २००५ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या या सोयीच्या कामात आयबीएमच्या बंगळूरच्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता.

तरीही जिथे कोसळले तिथेच चूक असेल असे नाही. परत दिलेल्या जागेत कोणीतरी खरडून जातो आणि तिसराच बळी पडतो. यासाठी केसॅन नावाची तपासणी कर्नलमध्ये चालू करता येते. ती मेमरीच्या प्रत्येक वापरावर पहारा ठेवते. मशीन बरेच मंदावते, पण गुन्हा घडतानाच हाक मिळते.

पुण्याहून सांभाळलेले साधन

मजकूरच येत नसेल तर? नव्या हार्डवेअरवर काम करताना असे होते. मग चालू कर्नलला मध्येच थांबवून आत डोकावावे लागते, आणि स्वतः थांबलेले कर्नल स्वतःला तपासू शकत नाही. म्हणून दोन संगणक लागतात: एकावर तपासायचे कर्नल, दुसऱ्यावर माणूस आणि त्याचे साधन, मध्ये सिरियल केबल. लिनक्ससाठी हे करणाऱ्या केजीडीबी या साधनाची कथा महाराष्ट्रातली आहे. २००० ते २००४ या काळात अमित काळे यांनी ते सांभाळले आणि २००४ ते २००६ मध्ये पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने.

ही सगळी वर्षे केजीडीबी मूळ लिनक्सच्या बाहेरच होते. ज्याला हवे त्याने ते वेगळे घेऊन आपल्या कर्नलला जोडायचे, आणि नवी आवृत्ती आली की सांभाळणाऱ्याने ते पुन्हा जुळवून द्यायचे. याचे एक कारण खुद्द टोरवाल्ड्स होते. असली साधने आपल्याला आवडत नाहीत, हे त्यांनी २००० मध्येच जाहीरपणे सांगितले होते. साधन हाती असले की माणूस कोड समजून घेण्याऐवजी लक्षण दिसते तिथे ठिगळ लावतो, अशी त्यांची भूमिका.

या वादात दोन्ही बाजूंना आधार आहे. टनची चूक पकडायला कोणतेही साधन नको. शांतपणे चार ओळी वाचल्या तरी ती दिसते. टकरीच्या चुका तर कर्नल थांबवून पाहायला गेले की वेळेचे गणितच बदलून लपतात. पण नवे बोर्ड टेबलावर मुके पडलेले असताना ‘नीट विचार कर’ हा सल्ला उपयोगाचा नसतो. अखेर विंड रिव्हर या कंपनीतले जेसन वेसेल आणि इंगो मोल्नार यांनी केजीडीबीची बरीच काटछाट करून सुटसुटीत रूप तयार केले आणि जुलै २००८ मध्ये ते २.६.२६ या आवृत्तीत दाखल झाले. नेटवर्कवरून तपासण्याची सोय त्या काटछाटीत गेली, सिरियल केबल राहिली. जे साधन आज जगभर लिनक्सबरोबरच मिळते ते आधी इतकी वर्षे कोणीतरी बाहेर राहून जिवंत ठेवले होते, आणि त्या कामाचा मोठा भाग पुण्यात झाला.

मधला स्विच उघडा

कालपर्यंत चालत होते, नव्या आवृत्तीत कोसळते, अशी तक्रार असेल तर आणखी एक वाट आहे, आणि तिला कर्नलचे फारसे ज्ञानही लागत नाही. शिवारातल्या लांबलचक लाइनवर फॉल्ट आला की लाइनमन प्रत्येक खांब पाहत बसत नाही. मधला स्विच उघडून अलीकडचा भाग चालतो का ते बघतो. चालला तर फॉल्ट पलीकडे. मग उरलेल्या भागाचा मधला स्विच. गिट या साधनातली बायसेक्ट ही सोय असेच करते. टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये सुरू केलेल्या गिटमध्ये कर्नलमधला प्रत्येक बदल क्रमाने नोंदलेला असतो. दोन आवृत्त्यांमध्ये १६,००० बदल असले तरी निम्मे-निम्मे करत १४ चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. प्रत्येक चाचणीसाठी कर्नल नव्याने तयार करावे लागते आणि जुन्या मशीनवर त्याला तास-दोन तास जातात, तेव्हा चिकाटी मात्र हवी. ज्याच्या मशीनवर चूक दिसते तोच हे करू शकतो. अमेरिकेतला तज्ज्ञ धुळ्यातल्या मशीनवर चाचणी घेऊ शकत नाही.

दुरुस्ती लिहिणे हा मग शेवटचा आणि बहुधा सर्वांत छोटा भाग. तिच्यासोबतचे निवेदन अनेकदा तिच्यापेक्षा लांब असते: काय केल्यावर कोसळते, का कोसळते, कोणत्या जुन्या बदलामुळे हे सुरू झाले, त्या बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली १२ अक्षरे. खाली पाठवणाऱ्याची सही असते, आणि चूक कळवणाऱ्याचे नावही. त्या भागाचा राखणदार ती तपासतो, मग ती टोरवाल्ड्स यांच्याकडे जाते, तिथून जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये, तिथून उबुंटू-डेबियनसारख्या वितरणांत आणि अखेर अपडेट म्हणून आपल्या मशीनवर. अपडेट पुढे ढकलत राहणाऱ्याच्या मशीनवर महिन्यांपूर्वी दुरुस्त झालेली चूक जिवंत असते.

दुरुस्ती तयार असणे आणि ती पोहोचणे यांतले अंतर जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला तिच्याकडून एक फाइल गेली. त्या भागाला २१ रकान्यांची अपेक्षा होती, मिळत होते २०. एकविसावा वाचायला गेल्यावर तो स्वतःच्या जागेबाहेर गेला आणि कर्नल कोसळले. कंपनीने ७८ मिनिटांत, १०.५७ ला, फाइल मागे घेतली. पण कोसळलेले मशीन चालू होतानाच तीच फाइल पुन्हा वाचत होते आणि पुन्हा कोसळत होते. नवी फाइल घ्यायला त्याला सवडच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. रिझर्व्ह बँकेने सांगितल्याप्रमाणे देशातल्या बँका आणि बँकेतर वित्तसंस्थांपैकी फक्त १० संस्थांना किरकोळ अडथळा आला. बाकी ठिकाणी कोणीतरी असंख्य मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल हाताने काढली. फॉर्मॅट मारायची गरज नव्हती.

जळगाव-धुळ्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवला जातो, पण प्रत्यक्ष कोसळलेले कर्नल उघडून पाहायची वेळ क्वचितच येते. त्यासाठी मशीन बिघडवावे लागत नाही. क्यूईएमयू या मोफत प्रणालीत संगणकाच्या आत दुसरा काल्पनिक संगणक चालवता येतो, आणि केजीडीबीची सिरियल केबलही त्यात काल्पनिकच असते. चुका हव्या असतील तर गूगलची सिझबॉट ही यंत्रणा लिनक्सवर अहोरात्र उलटसुलट आज्ञांचा मारा करून त्या शोधते आणि जाहीर नोंद करते. अनेक नोंदींसोबत कर्नल हमखास पाडणारा छोटा प्रोग्रॅमही असतो. दुरुस्ती जमली आहे का हे तपासून द्या, असे सिझबॉटला सांगता येते. ती कर्नल तयार करून, तोच प्रोग्रॅम त्यावर चालवून निकाल कळवते. दुरुस्तीच्या निवेदनात तिने दिलेली ओळ जोडली की बदल कर्नलमध्ये पोहोचल्यावर ती नोंद आपोआप बंद होते.